घोरण्याची ओळखपरेड

जगातल्या सगळ्या थोर प्रेमकथा डोळ्यांपासून सुरू होतात. नजर नजरेला भिडते, काळ थबकतो, वारा श्वास रोखून धरतो आणि दोन जीव जन्मोजन्मीची ओळख पटल्यासारखे एकमेकांकडे पाहत राहतात.

ही कथा नाकापासून सुरू होते. त्यातही एकाच नाकापासून, आणि तेसुद्धा झोपलेलं असताना.

नाक एका तरुणीचं होतं. तिला ओळखत नाही असा माणूस त्या शहरात नव्हता आणि तिला पाहिलेला माणूस शोधून सापडला नसता. बँकेला फोन लावा, विमा कंपनीला लावा, गॅसवाल्याला लावा – आधी तीच यायची. "कृपया प्रतीक्षा करा. तुमचा कॉल आमच्यासाठी महत्त्वाचा आहे." हे ती इतक्या मायेने सांगायची की ऐकणाऱ्याला वाटावं, असेलही बुवा. लोक तो आवाज ऐकत चिडले होते, थकले होते, काही तर ऐकता ऐकता निवृत्त झाले होते. रेकॉर्डिंग स्टुडिओत तिचं नावच 'प्रतीक्षा' पडलं होतं. खरं नाव फक्त आई वापरायची, आणि तेही रागावल्यावर.

घसा हेच जिचं दुकान, तिला सकाळी उठल्यावर घसा कोरडा पडलेला चालत नाही. म्हणून डॉक्टरांच्या सल्ल्याने ती एका निद्रा-उपचार केंद्रात एक रात्र झोपून आली. डोक्याला तारा, नाकापाशी इवलासा माइक. अहवाल आला – 'प्रकृती उत्तम. घोरता.' तिने तो आईपासून लपवला. खरं तर आईपासून लपवण्यासारखं त्यात काही नव्हतं. दोघींच्या खोल्यांमध्ये एकच भिंत होती.

पुढे केंद्राने सगळ्या पेशंटांची झोप एका संगणकात साठवली आणि त्याला कुलूप लावायचं राहून गेलं. 'राहून गेलं' हा केंद्राचा शब्द. जगाने आत डोकावून पाहिलं आणि हाताला लागेल ते उचललं. रेकॉर्डिंगवर नावं नव्हती. पण तिचं लगेच ओळखू आलं, कारण पहाटेच्या सुमाराला, एक दणदणीत घोरणं संपवून, ती झोपेतच अतिशय स्वच्छ उच्चारात म्हणाली होती, "कृपया प्रतीक्षा करा..." – आणि पुन्हा घोरायला लागली होती.

शहराला इतका आनंद बऱ्याच वर्षांत झाला नव्हता. कुणी त्याचा गजर केला, कुणी रिंगटोन केली. आयुष्यभर जिने थांबवून ठेवलं, तिचा सूड घ्यायची अशी संधी कोण सोडतं?

लोकांच्या हसण्याचं तिला फारसं वाईट वाटलं नसतं. पण त्याच सुमाराला एका प्रकाशकाने तिला लहान मुलांच्या, झोपताना ऐकायच्या गोष्टी वाचायला निवडलं होतं. या कामाची ती किती वर्षं वाट पाहत होती! लोक आजवर तिचा आवाज थांबावं लागतं म्हणून ऐकत आले होते. आता पहिल्यांदाच कुणीतरी तो ऐकायचा म्हणून थांबणार होतं. गळती झाली आणि प्रकाशकाचा फोन आला. "पालकांनी ते... ऐकलंय हो सगळ्यांनी. आपण जरा थांबू या का?"

हे वाक्य तिला कुणी ऐकवावं!

तिने तक्रार करायला केंद्राला फोन लावला. पलीकडून तिचाच आवाज आला – कृपया प्रतीक्षा करा, तुमचा कॉल आमच्यासाठी महत्त्वाचा आहे. तिने फोन ठेवला. ते वाक्य वाचताना आपला त्यावर कितपत विश्वास होता, हे तिला चांगलं आठवत होतं.

मग ती माहिती-संरक्षण आयोगाकडे गेली. तिची मागणी साधी होती. हातचं काम गेलं त्याची आणि मनस्तापाची भरपाई द्या, आणि लेखी कबूल करा की चूक तुमची आहे. केंद्राने उत्तर दिलं ते त्याहून साधं. रेकॉर्डिंगवर नाव नाही, सबब ते तक्रारदाराचं नाही. मधे ऐकू येणारं वाक्य शहरातल्या प्रत्येक फोनवर वाजतं, तसं ते शेजारच्या खाटेवरच्या कुणाच्या तरी फोनवर वाजलं असणार.

थोडक्यात, तिचा आवाज इतका सगळ्यांचा झाला होता की तो तिचा उरला नव्हता. निखळ तिचं असं एकच राहिलं होतं – घोरणं. ते तिचंच आहे, हे आता सिद्ध करायचं होतं.

*

आयोगाचं कार्यालय म्हणजे एक लांबट खोली, एकमेकींना जखडलेल्या खुर्च्या, आणि कुणालाही वाचता येणार नाहीत इतक्या उंचीवर लावलेल्या सूचना. प्रतीक्षाच्या शेजारच्या खुर्चीवर एक तरुण कानांवर भलेमोठे हेडफोन चढवून, डोळे मिटून बसला होता. चेहऱ्यावर असं समाधान, की जणू कुणी डोक्यावरून हात फिरवतंय.

आतून तिचा पुकारा झाला. ती उठली. पर्सच्या बक्कलात त्याची वायर अडकली, मोबाइलमधून पिन सुटली – आणि साऱ्या खोलीत ते घुमलं. आधी लांबून, मग जवळून, मग अगदी कानाशी. आणि शेवटी, "कृपया प्रतीक्षा करा..."

खोली खदखदून हसली.

"बंद करा ते!"

"सॉरी... सॉरी, एक मिनिट, ते बटण –"

"मजा येतेय ना ऐकायला?"

"खूप," तो अजून अर्धा आतच होता. मग त्याने डोळे उघडून तिच्याकडे पाहिलं. "तुम्ही... आत्ता बोललात ना?"

"का? घोरले असते तर लवकर ओळखलं असतंत?"

"हो," तो म्हणाला.

तो खोटं बोलत नसे. धंद्याचा दोष. कोर्टात येणारी रेकॉर्डिंगं ऐकून आवाज कुणाचा, कुठे कापलंय, कुठे जोडलंय हे तो सांगायचा. कचेरीत त्याला सगळे 'कानसेन' म्हणायचे. केंद्रातून फुटलेली सगळी रेकॉर्डिंगं आयोगाने तपासायला त्याच्याकडेच दिली होती.

"माफ करा, हे माझं काम आहे," तो वायर सोडवत म्हणाला. बक्कल लहान होतं, आणि त्याची बोटं तिच्या हाताच्या अंमळ जास्तच जवळ आली होती. "नावं नाहीत ना, म्हणून मीच ठेवलीयत. एक ट्रॅक्टर आहे. एक कबुतर आहे. एक आहे तो नुसता फर्निचर सरकवतो रात्रभर."

"आणि मी?"

"सांगायलाच पाहिजे का?"

"पाहिजे."

"जहाज."

तिने श्वास आत घेतला. तो घाईने पुढे म्हणाला, "म्हणजे धुक्यातून लांबून येतं ना, तसं. आधी भोंगा, मग इंजिन... आणि शेवटी एक बारीकशी शिट्टी. धक्क्याला लागल्यासारखी. तो सूर इतका नेमका लागतो – रोज ऐकतो मी, रात्रभरात एकदाही हललेला नाही."

"रोज ऐकता?"

"...कामासाठी."

"रविवारी पण?"

कानसेनने वायरकडे पाहिलं. वायर केव्हाच सुटली होती.

आतून दुसऱ्यांदा पुकारा झाला. ती निघाली रागात, आणि दाराशी पोचली जरा कमी रागात. आजवर तिला हसलेली माणसं पुष्कळ भेटली होती. शेवटच्या शिट्टीपर्यंत ऐकणारा हा पहिलाच.

*

"घोरण्यावरून भरपाई!" आई म्हणाली. "तुझे बाबा कितीतरी वर्षं घोरले माझ्या कानाशी. मला कुणी दिली?"

"आई, विषय घोरण्याचा नाहीये. माझी वस्तू त्यांनी रस्त्यावर टाकली."

"कळतंय गं मला. माझं एवढंच म्हणणं, की मागायचीच तर घसघशीत माग."

आई बरोबर येणार हे ठरलंच होतं. आयोगाचा नियम तसा होता. तुलना करायची तर ताजा नमुना हवा, नमुना हवा तर तक्रारदाराने तज्ज्ञासमोर झोपायला हवं, आणि झोपायचं तर घरचं कुणीतरी मोठं माणूस हजर हवं.

कानसेनचा स्टुडिओ एका जुन्या इमारतीच्या मागच्या अंगाला होता. भिंतींवर जाड स्पंज, खिडकीला दुहेरी काच, मधोमध कुठून तरी मागून आणलेली खाट. एका काचेच्या भिंतीपलीकडे तो आणि त्याची यंत्रं, अलीकडे एक छोटा स्पीकर. आई बाहेरच्या खोलीत विणकाम घेऊन बसायची आणि बसता बसताच, सुया हातात तशाच ठेवून, अत्यंत अब्रूदारपणे – म्हणजे आवाज न करता – झोपी जायची. नियमाप्रमाणे जिला झोप लागायला हवी होती, ती मात्र टक्क जागी.

"झोपा," स्पीकरमधून तो म्हणाला.

"झोपतेय."

"नाही. श्वास जागा आहे."

"तुम्ही बघणं बंद करा आधी."

"बघत नाहीये. ऐकतोय."

"ते जास्त वाईट आहे!"

पहिली दुपार अशीच गेली. दुसऱ्या वेळी त्याने उपाय म्हणून यंत्राची माहितीपुस्तिका वाचून दाखवली. ती उठून बसली.

"वाक्य संपायच्या आधीच तुम्ही हवा सोडून देता. माणूस झोपणार कसा? त्याला वाटतं तुम्हाला काहीतरी झालं."

"मग कसं वाचायचं?"

"म्हणा माझ्याबरोबर. कृपया..."

"कृपया."

"आज्ञा नको. विनंती. ओठांवर किंचित हसू आणायचं, ते ऐकू येतं."

"ऐकू येतं?" तो काचेपलीकडे थोडा पुढे झुकला. "मला वाटायचं ते फक्त मलाच ऐकू येतं."

खाटेवरची चादर तिने उगाचच सारखी केली. शांतता दाखवायला त्याच्या यंत्रावर एक हिरवी सुई असते. ती जागची हलत नाही. त्या दिवशी ती किंचित थरथरत होती, असं त्याने नंतर सांगितलं. यंत्र बिघडलं असेल, असंही म्हणाला.

दुपारी वाढत गेल्या. आयोगाला तो कळवत होता, 'नमुना अद्याप अप्राप्त.' ते खरंच होतं. तिला कळलं की तो एकटा राहतो आणि त्याच्याकडे फ्रिज नाही. होता, पण बेसूर गुणगुणायचा म्हणून विकून टाकला. त्याला कळलं की ती भांडताना आवाज चढवत नाही, खाली आणते. मग तो मुद्दाम भांडण काढू लागला.

एकदा त्याने विचारलं, "त्या गोष्टी... मुलांच्या. त्यातली एखादी ऐकवाल?"

"ते काम गेलंय माझं."

"मला ते माहीत नाही असं समजा. मी लहान मूल आहे असं समजा."

"समजायला काही अडचण नाही," ती म्हणाली आणि सुरू झाली. एका सशाची गोष्ट होती, ज्याला आपली सावली कुठे ठेवली ते आठवत नसतं. ससा नदीपर्यंत पोचला असेल-नसेल, तेवढ्यात स्पीकरमधून जड, संथ श्वास यायला लागले. कानसेन यंत्रावर डोकं टेकून गाढ झोपला होता. बाहेर आई झोपलेली, आत तज्ज्ञ झोपलेला. नमुना मिळाला, पण चुकीच्या माणसाचा.

तिने त्याला उठवलं नाही. गोष्ट मात्र पूर्ण केली, अगदी हळू आवाजात, सशाला सावली सापडेपर्यंत. गेलेलं काम आपल्याला येतं, ही खात्री माणसाला कुठे होईल याचा नेम नसतो.

सुनावणी तोंडावर आली तेव्हा एका दुपारी ती खाटेवर पडल्या पडल्या म्हणाली, "बाहेर पाऊस पडतोय का?"

"पडतोय. पण इथे यायचा नाही तो. काच दुहेरी आहे."

"म्हणूनच." ती छताकडे पाहत राहिली. "म्हणूनच मला झोप येत नाही इथे. इतकं काहीच नाहीये या खोलीत... कानांना धरायला काही नाही."

काचेपलीकडे खुर्ची सरकली, दार उघडलं, आणि ज्याने गुणगुणण्यापायी फ्रिज विकला होता, त्या माणसाने आपल्या हाताने खिडकी उघडली. पाऊस आत आला. म्हणजे थेंबांपेक्षा आवाजच जास्त... पत्र्यावरचा, झाडावरचा, लांबच्या रस्त्यावर चाकांखाली चिरडला जाणारा.

"आता?" त्याने विचारलं.

उत्तराला भोंगा आला. धुक्यातून, लांबून.

खिडकी लगेच लावून घ्यायला हवी होती. नमुना स्वच्छ लागतो. हे तो नवख्यांना शिकवायचा. पण त्या खिडकीची बिजागरी करकरायची आणि ती जागी झाली असती. तो खिडकीशी उभाच राहिला, बाही भिजेपर्यंत. जहाज येत होतं, धक्क्याला लागत होतं, पुन्हा निघत होतं. शिट्टी आली तेव्हा त्याने डोळे मिटले.

उठल्यावर तिने त्याचा चेहरा पाहिला. "काय झालं? मिळाला ना नमुना?"

"मिळाला. पण त्यात पाऊस आलाय. खिडकी का उघडली, असं विचारतील मला."

"मग सांगा जे झालं ते."

"सगळं?"

"सगळं. पुसापुशी नाही करायची. त्यांनी केली तेवढी पुरे." तिने केस बांधले आणि पर्स उचलली. "बाकीचं मी बघते."

हे ती ज्या थाटात म्हणाली, तो थाट पाहून त्याला क्षणभर वाटलं, हिला सगळं आधीच कळलंय. मग वाटलं, छे. मग पुन्हा वाटलं... एवढ्यात बाहेर आई जागी झाली.

*

सुनावणीला आयोगाच्या अध्यक्षबाई उंच खुर्चीत बसल्या होत्या. चष्मा नाकाच्या टोकाला. खोटं ऐकलं की तो आणखी खाली घसरायचा. समोर केंद्राचे वकील, गुळगुळीत दाढीचे, गुळगुळीत आवाजाचे. मागच्या बाकावर आई, विणकामासकट.

कानसेनने अहवाल मांडला. दोन्ही घोरणी एकाच व्यक्तीची असल्याची दाट शक्यता आहे.

"दाट?" वकील उठले. "खात्री नाही?"

"नमुन्यात पावसाचा आवाज आहे."

"आपल्या स्टुडिओत सुई पडली तरी ऐकू येते म्हणे. तिथे पाऊस कसा शिरला?"

"मी खिडकी उघडली."

"तज्ज्ञ म्हणून आपण दुसऱ्या कुणाला असा सल्ला द्याल?"

"कधीच नाही."

"मग उघडली का?"

कानसेनने तिच्याकडे पाहिलं. खोटं बोलला असता तर सोपं होतं. उकाडा होता, चुकून उघडी राहिली, काहीही. खरं बोललं तर अहवाल जाणार, आणि अहवाल गेला की तिच्या हातात काही उरणार नव्हतं.

"त्यांना झोप येत नव्हती," तो म्हणाला. "आणि त्यांना झोप यावी असं मला वाटत होतं. नमुना मिळावा म्हणून नाही... नुसतंच. त्यांना बरं वाटावं म्हणून."

"म्हणजे आपलं आणि तक्रारदारांचं काही नातं आहे?"

"माझ्या बाजूने आहे. त्यांच्या बाजूचं अजून विचारलेलं नाही."

मागच्या बाकावर सुया थांबल्या. लघुलेखकाने मान वर करून विचारलं, "हे लिहून घ्यायचं का?"

"घ्या," अध्यक्षबाई म्हणाल्या. त्यांचा चष्मा जागचा हलला नव्हता. "प्रामाणिकपणाबद्दल आभार. पण हा अहवाल आता मला विचारात घेता येणार नाही. तुम्ही मागे जाऊन बसा."

तो मागे जाऊन बसला. आईने त्याच्याकडे आपादमस्तक पाहिलं.

"म्हणजे खिडकी तुम्हीच उघडली होती तर?"

"हो."

"बाही भिजली होती तुमची त्या दिवशी. पाहिलं होतं मी." आणि सुया पुन्हा चालू झाल्या. "मी काही दर वेळी झोपत नव्हते."

पुढे वकिलांना मोकळं रान मिळालं. घोरण्याचा पुरावा संपला, राहिलं वाक्य, आणि ते तर फोनवरचं. "शिवाय," ते म्हणाले, "तक्रारदारांनी आमचं गोपनीयता धोरण वाचून, समजून मान्य केलेलं आहे. त्यात सगळं स्पष्ट आहे."

प्रतीक्षा उठली. गेल्या रात्री तिचा डोळ्याला डोळा लागला नव्हता, पण आवाजात त्याचा मागमूस नव्हता. उलट तो खाली आला होता. ज्याला हे माहीत होतं तो मागच्या बाकावर सावरून बसला.

"मॅडम, ते धोरण इथे वाचून दाखवावं."

"सगळं?"

"मी सगळं वाचलंय असं ते म्हणतात. मग सगळंच नोंदीत यावं. माझी ऐकायची तयारी आहे."

"अवश्य!" वकील म्हणाले. धोरण त्यांनी स्वतः लिहिलं होतं, आणि ते आजवर कुणी त्यांच्या तोंडून ऐकायला मागितलं नव्हतं. त्यांनी घसा खाकरला.

"सदर धोरणात 'आम्ही' म्हणजे केंद्र, त्याच्या उपसंस्था, सहसंस्था व वेळोवेळी नेमलेले प्रतिनिधी असा अर्थ अभिप्रेत असून, 'तुम्ही' म्हणजे तुम्ही, तथापि जिथे तुम्ही म्हणजे तुम्ही नसाल तिथे..."

दुपारचं जेवण नुकतंच झालेलं होतं. पंखा फिरत होता. 'तथापि'नंतर 'सबब' आलं, 'सबब'नंतर 'परंतु उपरोक्त बाबीस बाधा न येता' आलं. खिडकीतल्या उन्हाचा चौकोन जमिनीवरून पुढे सरकला. लघुलेखकाची रेघ कागदावरून घसरून टेबलावर गेली. अध्यक्षबाईंनी जांभई इतक्या शिताफीने गिळली की ती न्यायाधीशाची जांभई आहे हे लगेच कळावं.

आणि मग, वकिलांच्या 'नुकसान, संभाव्य नुकसान आणि संभाव्य नसलेलं नुकसान' यावर, लांबून भोंगा आला.

कुणी हललं नाही. जहाज जवळ येत गेलं. इंजिन घरघरलं. धक्क्याला लागलं. बारीकशी शिट्टी वाजली, अगदी नेमकी. वकील आवाज चढवून वाचत राहिले. प्रतीक्षाने मिटल्या डोळ्यांनी, मान खुर्चीच्या पाठीवर टाकून, ओठांवर किंचित हसू आणून म्हटलं,

"कृपया प्रतीक्षा करा..."

वकील थांबले.

अध्यक्षबाई पुढे झुकल्या. "वकीलसाहेब, का थांबलात?"

"अं? त्यांनी... प्रतीक्षा करा म्हटलं."

"कुणी?"

"तक्रारदारांनी."

"इथे कुणाचा फोन वाजला?"

वकिलांनी उजवीकडे पाहिलं, डावीकडे पाहिलं. मग धोरणात पाहिलं. तिथे या प्रसंगासाठी काही लिहिलेलं नव्हतं.

अध्यक्षबाईंनी फुटलेलं रेकॉर्डिंग लावायला सांगितलं. आता खोलीत दोन जहाजं होती – एक यंत्रातलं, एक खुर्चीतलं – आणि दोन्हींची शिट्टी एकाच सुरात वाजत होती. "हे ऐकायला तज्ज्ञ लागत नाही," त्या म्हणाल्या. "आता त्यांना कुणीतरी उठवा. हळू."

निकाल तिथेच झाला. केंद्राने चूक लेखी कबूल करायची, गेलेल्या कामाची आणि मनस्तापाची भरपाई द्यायची. आणि नवं धोरण लिहायचं ते इतकंच लांब, की ते स्वतः वकिलांना मधे पाणी न पिता वाचता यावं.

बाहेर पडता पडता प्रकाशकाचा फोन आला. बातमी त्यांच्यापर्यंत पोचली होती. "गोष्टींचं काम तुमचंच बरं का!" तिने ऐकून घेतलं, आणि म्हणाली, "जरूर. मी कळवते तुम्हाला." आणि ओठांवरचं ते किंचित हसू तिने फोनवर ऐकू येईल इतपतच ठेवलं.

*

परतीच्या बसला मरणाची गर्दी होती. आईला पुढे एक जागा मिळाली. तिने ती घेतली आणि लगेच खिडकीबाहेर असं काही पाहायला लागली, की जणू बाहेर तिच्या ओळखीचं कुणी चाललंय. ही दोघं मागे, एकाच दांड्याला धरून उभी.

"तुम्ही खरंच झोपलात?" त्याने विचारलं. "की मुद्दाम?"

"मुद्दाम झोप येते का कुणाला?" ती म्हणाली. "पण... केंद्रात त्या रात्री मला झोप लागत नव्हती ना, तेव्हा त्यांनी हेच धोरण दिलं होतं वाचायला. दुसऱ्या पानाच्या पुढे काय आहे, ते मला आज कळलं असतं."

तो हसला. बस वळली, धक्का बसला, माणसं माणसांवर रेलली. तो तिच्या अगदी जवळ आला आणि तसाच राहिला. इतक्या जवळून त्याने तिला ऐकलं होतं, पाहिलं नव्हतं.

"माझ्यामुळे तुमचा अहवाल गेला," तो म्हणाला.

"तुमच्यामुळे मला झोप लागली. अहवालाचं काय एवढं."

"तिथे मी जे बोललो... ते भर सुनावणीत असं बोलायचं नव्हतं मला. नीट विचारणार होतो. एखाद्या शांत ठिकाणी."

"शांत ठिकाणी तुमचं काही खरं नसतं. हिरवी सुई थरथरते तुमची."

"यंत्र बिघडलं होतं."

"हो का?"

"...नाही."

तिच्या डोळ्यांत पाणी तरळलं. त्याने ते पाहिलं. आसपासची चार माणसं ऐकत होती, आईचे कान तर मागेच होते. त्याला कशाचं भान नव्हतं.

"मला ते जहाज रोज ऐकायचंय," तो म्हणाला. "रविवारी पण. यंत्रावर नाही... शेजारी. माझ्या बाजूचं मी सांगितलंय. तुमच्या बाजूचं विचारतोय."

ती ओठ दाताखाली धरून, भरल्या डोळ्यांनी त्याच्याकडे पाहत राहिली. पुढच्या सीटवर आईनेसुद्धा श्वास रोखला.

"हो," ती म्हणाली. "माझ्या बाजूनेही आहे. केव्हाचंच आहे. ससा नदीपर्यंत पोचला होता ना, तेव्हापासूनचं."

तो नुसता पाहत राहिला, दांडा घट्ट धरून, सगळा भार एका पायावर देऊन.

"फक्त एक कर ना," ती अगदी हळू, विनंतीच्या सुरात म्हणाली, "तेवढा बूट उचल. मघापासून माझ्या पायावर आहे."